सामान्य माणसाचे घर : भिस्तबागेपासून पाईपलाईन रोडपर्यंत



आपल्या शहराचा इतिहास म्हटला की भुईकोट किल्ला, चाँदबीबी आणि सलाबतखानाची कबर एवढे आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. हे स्वाभाविकही आहे. १४९० साली मलिक अहमद निजामशहाने भिंगारजवळ हे शहर वसविले आणि पुढे शे-सव्वाशे वर्षे दख्खनच्या राजकारणात त्याला मानाचे स्थान होते. १५४९ साली याच शहरात ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ ओतली गेली. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. ती ओतणाऱ्या उस्तादाचे, मुहम्मद बिन हसन रूमी याचे, नाव तोफेवर कोरलेले आहे. परंतु त्या भट्टीचे भाते ओढणारी, लाकूड आणि धातू वाहून आणणारी माणसे रात्री कोठे झोपत होती? त्यांच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर होते की नव्हते? आपल्या पाठ्यपुस्तकांत याचे उत्तर सापडत नाही.

प्रस्तुत लेखात हाच दुर्लक्षित प्रश्न घेतला आहे. सामान्य माणसाला परवडेल असे घर आपल्या भागात आणि आपल्या राज्यात केव्हा मिळाले, कोणाच्या प्रयत्नाने मिळाले आणि कोठे हातातून निसटले, याचा धावता आढावा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

हा विषय निवडण्याचे कारण शाळेतच सापडते. सत्राच्या मध्येच शाळा सोडल्याचा दाखला मागायला येणारे पालक आम्ही शिक्षक नेहमी पाहतो. कारण विचारले तर बहुधा एकच असते : “सर, घर बदलले.” भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा असतो. अकरा महिने संपले की घरमालक भाडे वाढवतो किंवा खोली रिकामी करून मागतो. मुलाच्या वह्या-पुस्तकांची पिशवी पुन्हा एका टेम्पोत जाते. दोन-तीन वेळा असे झाले की हुशार मूलही मागे पडते. तेव्हा घराचा प्रश्न हा तालीमचाही प्रश्न आहे आणि म्हणूनच स्मरणिकेच्या पानांवर त्याला जागा असावी असे वाटते.

भिस्तबाग आणि पाणी

दिल्ली दरवाजातून बाहेर पडून मनमाडच्या रस्त्याने उत्तरेकडे गेले की सावेडी लागते. आज हा भाग महानगरपालिकेच्या हद्दीतील गजबजलेले उपनगर आहे. परंतु एके काळी हे शहराबाहेरचे स्वतंत्र गाव होते. याच परिसरात सोळाव्या शतकाच्या आरंभी निजामशाहीतील एक प्रसिद्ध बाग तयार झाली. मधोमध तलाव आणि तलावात अष्टकोनी महाल अशी तिची रचना होती. तिला ‘हश्त बिहिश्त’ म्हणजे ‘आठ स्वर्ग’ असे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी बिहिश्तचे भिस्त झाले आणि आज भिस्तबाग चौक म्हणून आपण ज्या ठिकाणी बसची किंवा रिक्षाची वाट पाहतो, त्या चौकाने ते नाव जपले आहे. विद्यार्थी मित्रांनो, पखालीतून पाणी घालणाऱ्याला आपण जो ‘भिस्ती’ म्हणतो, तो शब्दही याच बिहिश्तपासून आला आहे. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गातला, अशी त्यामागची भावना.

या बागा फुलल्या त्या पाण्यामुळे. भोवतालच्या डोंगरउतारांवरून जमिनीखालच्या खापरी नळांनी शहरात आणि बागांत पाणी आणण्याची व्यवस्था निजामशाहीत होती. कापूरवाडी, वडगाव, शेंडी, निमगाव अशा गावांच्या बाजूंनी हे नळ येत. त्या काळाच्या मानाने ही विद्या फार पुढारलेली होती. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविले तेव्हा तेथेही अशीच नहर बांधली. शहर वसवायचे तर आधी पाणी आणि जमीन यांची सोय लावावी लागते, हे त्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते.

मात्र पाणी कोणत्या बाजूला वळवायचे आणि जमीन कोणाला द्यायची, हे ठरविण्याचा अधिकार सुलतानाचा आणि त्याच्या सरदारांचा होता. ज्याच्याकडे हुन्नर होते त्या कारागिराला पेठेत जागा मिळे. तोफखाना, दाळमंडई, कापड बाजार ही आपल्या शहरातील नावे त्या कामधंद्यांची आठवण देतात. परंतु ही जागा आश्रयाने मिळालेली असे. आश्रय गेला की जागाही जाऊ शके. आपला हक्क म्हणून घर मागण्याची कल्पना त्या काळात नव्हती. ती यायला पुढे फार काळ लागला.

प्लेग, ट्रस्ट आणि चाळी

इंग्रजी अमलात १८५४ साली अहमदनगरला नगरपालिका आली. दिवाबत्ती, झाडलोट, रस्ते ही तिची कामे. गरिबाच्या घराची काळजी सरकारने करावी असे कोणी म्हणत नव्हते. ही काळजी सुरू झाली ती भीतीपोटी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्तीत राहणारी माणसे किड्यामुंगीसारखी मरू लागली. रोग श्रीमंतांच्या दारापर्यंत पोहोचतो हे दिसल्यावर १८९८ साली ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले, नव्या वसाहतींसाठी भूखंड पाडले. परंतु दाट वस्त्या पाडताना जितक्या गरिबांची घरे गेली, तितक्यांना नवी घरे मिळाली नाहीत. ते लोक शेजारच्या वस्तीत शिरले आणि ती वस्ती अधिकच दाट झाली.

पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई फार वाढली. १९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ उभे राहिले आणि कामगारांसाठी चाळी बांधण्यात आल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे मिळून या बी.डी.डी. चाळींची संख्या २०७ होती. एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. गंमत अशी की, घरांची एवढी टंचाई असताना सुरुवातीला यांतील अनेक खोल्या रिकाम्या पडल्या. भाडे कामगाराला झेपेना आणि जागा गिरणीपासून लांब. ज्याच्यासाठी घर बांधायचे त्याला विचारले नाही, तर बांधलेले घरही रिकामे राहते, हा धडा तेथे मिळाला. याच चाळींच्या पुनर्विकासात २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. म्हणजे शंभर वर्षे झाली तरी तो विषय संपलेला नाही.

सहकाराची वाट

सरकारची वाट न पाहता लोकांनी एकत्र येऊन घरे बांधावीत, हा विचार याच सुमारास मूळ धरू लागला. १९०४ आणि १९१२ च्या कायद्यांनी सहकारी संस्थांना मान्यता मिळाली होती. १९१५ साली श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गावदेवी भागात सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. प्रत्येकाने थोडे भांडवल घालायचे, संस्थेने जमीन घ्यायची, कर्ज काढायचे आणि सभासदाने हप्त्याने फेडायचे, अशी ही साधी योजना. पुढे १९६० साली महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा झाला आणि गृहनिर्माण संस्था गावोगाव निघाल्या.

सहकार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हा सारा देश त्याकडे पाहत होता. सावेडीच्या वाढीतही एकत्र येऊन प्लॉट घेण्याची हीच वृत्ती दिसते. प्रोफेसर कॉलनी चौक हे नावच पाहा. पाईपलाईन रोड हे नाव घ्या. पाण्याची जलवाहिनी जिकडून गेली तिकडे रस्ता आणि रस्त्याच्या कडेने वसाहती. पाचशे वर्षांपूर्वी खापरी नळाच्या मागे बाग गेली आणि आपल्या काळात लोखंडी नळाच्या मागे कॉलन्या गेल्या.

परंतु वाचकहो, सहकाराच्या दोन मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली ही की, हप्ता फेडायला महिन्याच्या महिन्याला पगार लागतो. प्राध्यापक, कारकून, बँकेतला नोकरदार यांना ते जमले. हमाल, रिक्षावाला, विडी वळणारी बाई, गवंडी यांच्या हातात रोजचा पैसा रोज येतो आणि पावसाळ्यात तोही येत नाही. बँक त्यांच्याकडे पगाराची चिठ्ठी मागते, ती ते कोठून आणणार? दुसरी मर्यादा दाराची. आपल्या ओळखीतल्यांनी मिळून काढलेल्या संस्थेत विश्वास लवकर जमतो, पण दाराला कडीही लवकर लागते. एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याची पोटनियमातील अट सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली उचलून धरली. मुसलमान कुटुंबांना घर भाड्याने किंवा विकत मिळण्यात अडचण येते, याची नोंद २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आहे. ज्यांनी नाव सांगताच ‘जागा गेली’ हे उत्तर ऐकले आहे, त्यांना याचे स्पष्टीकरण नको. मात्र त्यावरचा उपाय आपलीही कडी लावून घेणे हा नाही. ज्या वसाहतीत गवंडी, मास्तर आणि दुकानदार शेजारी राहतात, तेथील मुलांना शेजारातूनच पुष्कळ शिकायला मिळते.

कायदा झाला, पुढे काय?

स्वातंत्र्यानंतर कायद्यांची रांग लागली. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४८ चा मुंबई गृहनिर्माण मंडळाचा कायदा, १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९७१ चा झोपडपट्टी सुधार कायदा. १९७६ साली केंद्राने नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा आणला आणि त्याच वर्षीच्या राज्याच्या कायद्यानुसार १९७७ साली ‘म्हाडा’ स्थापन झाली. आपला जिल्हा म्हाडाच्या नाशिक मंडळाकडे आहे.

कमाल जमीन कायद्याची कथा विशेष शिकण्यासारखी आहे. मुंबईसारख्या शहरात एका व्यक्तीने ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक मोकळी जमीन ठेवू नये आणि जास्तीची जमीन दुर्बल घटकांच्या घरांसाठी यावी, असा त्याचा हेतू. कागदावर याहून चांगला कायदा कोणता असणार? पण त्याच कायद्यात सूट देण्याचीही कलमे होती. बहुतेक जमीन सुटीच्या वाटेने निसटली. केंद्राने १९९९ साली हा कायदा रद्द केला आणि महाराष्ट्राने २००७ साली.

तरीही एका ठिकाणी या कायद्याने खरे काम केले. गोरेगावच्या मृणाल गोरे, ज्यांना मुंबईकर ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नागरी निवारा परिषद’ स्थापन केली. दिंडोशीची अतिरिक्त ठरलेली जमीन सामान्यांच्या घरांसाठी द्या, असा आग्रह त्यांनी धरला. अर्ज, मोर्चे, न्यायालय अशा सर्व वाटा त्यांनी चोखाळल्या आणि तेथे सहा हजारांहून अधिक कुटुंबांची घरे उभी राहिली. कायदा साऱ्या मुंबईला एकच होता. दिंडोशीत तो फळला, कारण तेथे त्याचे कलम हातात घेऊन वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारी माणसे होती.

ज्यांच्याकडे जमीनही नव्हती आणि कलमही नव्हते, त्यांचे काय? १९८१ च्या जुलैत, भर पावसात, मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या हटवून तेथील लोकांना त्यांच्या गावी पाठविण्याचा आदेश निघाला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले. निवारा हक्क सुरक्षा समितीसारख्या संघटना याच काळात उभ्या राहिल्या. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचाही हक्क येतो, कारण कामाच्या जवळ राहता आले नाही तर गरिबाची रोजी बुडते, हे न्यायालयाने मान्य केले. पण पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. हटवायचे तर नोटीस द्या, म्हणणे ऐका आणि पावसाळ्यात हटवू नका, असे सांगून ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. अनेकांच्या झोपड्या पुढे पडल्याच. तरी सूचना न देता घर पाडता येत नाही, हे आज आपण ज्या ठामपणे म्हणतो, त्याला या निकालाचा मोठा आधार आहे.

सोलापूरच्या विडी कामगार भगिनी

आता आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्याकडे वळू. या लेखातील सर्वांत महत्त्वाची हकीकत तेथील आहे आणि ती आपल्याला अधिक जवळची आहे, कारण आपल्या नगरमध्येही विडी वळणारी घरे आहेत.

विडीचे काम कसे चालते, हे पुष्कळ विद्यार्थ्यांनी घरी पाहिले असेल. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा, घरी बसून पाने कापायची, विड्या वळायच्या आणि मोजून परत द्यायच्या. मजुरी हजार विड्यांवर मिळते. म्हणजे या बाईचे घर हाच तिचा कारखाना. आठ बाय दहाच्या खोलीत सूप मांडीवर घेऊन ती दिवसभर बसते, शेजारी चूल, कोपऱ्यात पोर आणि साऱ्या घरात तंबाखूची धूळ. या बाईला मोठे घर मिळाले तर तिची प्रकृती, मुलाचा अभ्यास आणि रोजी या तिन्ही गोष्टी एकदम सुधारतात. विडी कामगारांसाठी १९७६ साली केंद्राचा कल्याण निधी कायदा झाला होता. विड्यांवर उपकर घ्यायचा आणि त्यातून दवाखाना, शिष्यवृत्ती, घर यांसाठी मदत द्यायची, अशी ती व्यवस्था. निधी होता, योजना होती. पण एकेकट्या बाईने दिल्लीच्या योजनेपर्यंत पोहोचावे कसे?

कामगार नेते नरसय्या आडम, ज्यांना सोलापूरकर आडम मास्तर म्हणतात, यांच्या नेतृत्वाखाली तेथील विडी कामगार स्त्रिया घरासाठी संघटित झाल्या. त्यांनी केवळ ‘घर द्या’ अशी घोषणा दिली नाही. त्यांनी सहकारी संस्था काढली, सभासदांची यादी तयार केली, हिशेब मांडला. एका घराचा खर्च सुमारे ६० हजार रुपये धरला, तर २० हजार केंद्राने द्यावेत, २० हजार राज्याने द्यावेत आणि २० हजार आम्ही देऊ, अशी ही मांडणी होती. या तिसऱ्या हिश्शामुळे मागणीला वजन आले. आपण पैसे साठवून दाराशी आलेलो आहोत आणि आता तुमचा हिस्सा टाका, असे म्हणणाऱ्याला परत पाठविणे कोणत्याही मंत्र्याला अवघड जाते.

वर्षानुवर्षे मोर्चे निघाले, मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या झाल्या. अखेर सोलापूरजवळच्या कुंभारी येथे सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदूताई परुळेकर यांचे नाव तिला देण्यात आले. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचा ताबा देण्यात आला. काम तेथे थांबले नाही. पुढे त्याच परिसरात रे नगर ही तीस हजार घरांची योजना आखली गेली. ९ जानेवारी २०१९ रोजी तिची पायाभरणी आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतील पंधरा हजार घरांचे लोकार्पण, ही दोन्ही कामे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाली. विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, वाहनचालक असे असंघटित लोक त्यात आहेत.

येथे क्षणभर थांबून विचार करा. मागणी करणारी संघटना डाव्या विचारांची. पहिल्या वसाहतीच्या वेळी दिल्लीत एका पक्षाचे सरकार, दुसरीच्या वेळी दुसऱ्याच पक्षाचे. मधल्या काळात मुंबईतही सरकारे बदलली. तरी घरे झाली. याचे कारण, सभासदांची यादी, बचतीचे पासबुक आणि जमिनीचे कागद हे कोणत्याही पक्षाच्या टेबलावर ठेवता येतात. केवळ एखाद्या नेत्याच्या शब्दावर अवलंबून राहिलेली मागणी त्या नेत्याबरोबर संपते.

ही कथा सगळी गोड आहे असेही नाही. शहराबाहेर वसाहत गेली की बसची सोय, पिण्याचे पाणी, शाळा आणि दवाखाना यांसाठी पुन्हा झगडावे लागते. कच्चा माल आणायला आणि विड्या पोहोचवायला लांब जावे लागते. बी.डी.डी. चाळींच्या वेळचा प्रश्न येथेही उभा राहतो. मात्र फरक असा की, या वेळी प्रश्न विचारायला हजारो घरांची संघटना तेथे आधीच उभी होती.

आपण काय करावे?

आता पुन्हा आपल्या दाराशी येऊ. २००३ साली आपल्या शहराची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या घरात होती. २०२४ साली शहर आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. नाव बदलले तरी घराचा प्रश्न तोच आहे. सावेडीत जेथे ज्वारी-बाजरीची शिवारे होती तेथे अपार्टमेंट उभी आहेत आणि जागेचे भाव मजुराच्याच नव्हे तर नव्याने लागलेल्या शिक्षकाच्याही आवाक्याबाहेर गेले आहेत.

मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या विकासात २० टक्के जागा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावी, असा नियम राज्याने २०१३ साली केला. पण तो दहा लाखांवर लोकसंख्येच्या महानगरपालिकांसाठी होता. आपल्यासारखे मध्यम शहर त्यात बसले नाही. शहर पूर्ण भरण्याआधी गरिबासाठी जागा राखून ठेवणे सोपे असते, भरल्यानंतर ते जवळजवळ अशक्य होते. म्हणून हा नियम मध्यम शहरांना अधिक गरजेचा आहे, ही मागणी आपण लोकप्रतिनिधींपुढे नक्कीच ठेवू शकतो. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २००७ नंतरचे हे पहिलेच धोरण असून २०३० पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरांचे उद्दिष्ट त्यात आहे. त्यांपैकी आपल्या शहराच्या वाट्याला किती येणार, हे विचारण्याची वेळ हीच आहे.

पालकांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. पहिली गोष्ट कागदाची. आपल्याकडे पुष्कळ कुटुंबांनी आयुष्याची कमाई गुंठा-दोन गुंठे जागेत घातली आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. ही जागा बिगरशेती झालेली नसेल, रेखांकन मंजूर नसेल आणि व्यवहार नुसत्या स्टँपपेपरवर नोटरी करून झाला असेल, तर बँक कर्ज देत नाही आणि योजनेचे अनुदानही अडते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेचे खरेदीखत नोंदविणे आवश्यक आहे. जुन्या गुंठेवारीच्या जागा नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची कालमर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली गेली. तेव्हा सात-बारा, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा आणि खरेदीखत हे चार कागद घरात एका पिशवीत असावेत. नसतील तर आजच चौकशीला लागावे. शक्य असेल तेथे घरावर पत्नीचेही नाव लावावे. प्रधानमंत्री आवास योजनेत तर घर स्त्रीच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे असण्यावर भर आहे.

दुसरी गोष्ट विकास आराखड्याची. शहराचा आराखडा तयार होताना कोणती जमीन शाळेसाठी, कोणती बागेसाठी आणि कोणती गरिबांच्या घरांसाठी राखायची हे नकाशावर ठरते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना लेखी देता येतात आणि सुनावणीही होते. जमीनमालक आणि बांधकाम व्यावसायिक वकिलांमार्फत हरकती दाखल करतात. भाडेकरू मात्र तो नकाशा पाहायलाही जात नाही. आरक्षण पडले म्हणजे काम झाले असेही नाही. दहा वर्षांत ती जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक कायद्याने नोटीस देऊ शकतो आणि प्रशासनाने वेळेत पावले उचलली नाहीत तर आरक्षण उठते. म्हणून प्रत्येक मोहल्ल्यात चार-दोन माणसे तरी अशी हवीत, की ज्यांना नकाशा वाचता येतो आणि तारखा लक्षात राहतात.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमचे काम सुरू होते. भूगोलात तुम्ही नकाशाचे प्रमाण शिकता, गणितात क्षेत्रफळ आणि व्याज शिकता, नागरिकशास्त्रात महानगरपालिका शिकता. या तिन्ही विषयांचा उपयोग आपल्या गल्लीत करून पाहा. दिवाळीच्या सुटीत एक वही घ्या. आपल्या गल्लीत किती घरे स्वतःची आहेत आणि किती भाड्याची, लोक कोठून आले, किती वेळा घर बदलले, नळ केव्हा आला, याची नोंद करा. माहिती घेताना परवानगी घ्या आणि कोणाचे नाव लिहू नका, केवळ आकडे लिहा. आजी-आजोबांना विचारा की सावेडीच्या रस्त्याला पहिल्यांदा दिवे केव्हा लागले. पंचवीस-तीस मुलांच्या अशा वह्या एकत्र आल्या, तर आपल्या भागाच्या घरांची अशी माहिती तयार होईल की ती घेऊन नगरसेवकाकडे किंवा महानगरपालिकेत जाता येईल.

सोलापूरच्या त्या भगिनींपैकी पुष्कळजणींना लिहिता-वाचता येत नव्हते. यादीत अंगठा उठवून त्यांनी सुरुवात केली. आपल्या मुला-मुलींना तर लिहिता येते. ही वही पुढच्या सत्राच्या आरंभी शाळेत आणून दाखवा. त्या वह्यांवरून एक तक्ता आणि एक नकाशा आपण मिळून तयार करू.